आपल्या ढगाचे आपणच यजमान

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. बालवर्गापासून दहावीपर्यंत ‘मे आय कम इन, सिस्टर?’ म्हणत वाढलेली. मराठीचा तास आमच्याकडे नेमका पी.टी.नंतर असायचा, म्हणजे अर्धा वर्ग पेंगत असताना. अजूनही कुणी ‘एकोणसाठ’ म्हटलं की मला क्षणभर थांबून हिशेब करावा लागतो. त्यामुळे संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी पळवाट शोधली, “इंग्लिश सेक्शनला देते ना!” ती म्हणाली, “तिकडे क्लाउडवर सहा लेख आलेत आणि सहाही लेखांची सुरुवात सारखीच आहे.” मग काय, बसले लिहायला. शिवाय हा विषय माझ्या आजीपासून सुरू होतो आणि आजीशी मी आयुष्यात कधी इंग्लिश बोललेली नाही. शुद्धलेखन आईने तपासलंय. उरलेल्या चुका माझ्या.

क्लाउड म्हणजे ढग. आमच्या सांगलीत ढग या शब्दाचं फारसं कौतुक नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मी शाळेत होते. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून अंदाज करा. आजीचं घर गावभागात. खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी. माणसं सुखरूप बाहेर पडली, पण पलंगाखालची लोखंडी ट्रंक मागेच राहिली. त्या ट्रंकेत सहा अल्बम होते. पाणी ओसरल्यावर आम्ही ती उघडली तेव्हा अल्बम विटांसारखे झाले होते. आजीने एक पान हळूच सोडवायला घेतलं, तर फोटोचा रंगच वरच्या प्लास्टिकला चिकटून आला. ती काही बोलली नाही. अल्बम बाजूला ठेवला आणि चिखल काढायला लागली.

पण ते फोटो अजून आहेत. कारण २०१७ साली आजीच्या पंच्याहत्तरीला मामाने त्या अल्बममधल्या निवडक फोटोंचे मोबाइलवर फोटो काढून आईच्या ऑनलाइन अकाउंटला टाकले होते, आणि टॅब्लेट टीव्हीला जोडून सगळ्यांना स्लाइड शो दाखवला होता. १८४ फोटो. त्याच अकाउंटवर आजीचा आवाजही आहे. २०१८ मध्ये शाळेच्या प्रोजेक्टसाठी मी आईच्या फोनवर तिला ४० मिनिटं बोलतं केलं होतं. ती लहानपणीच्या घाटाबद्दल, हळदीच्या पेठेतल्या वासाबद्दल बोलत होती, आणि मी मध्ये मध्ये “आजी, हळू बोल, मला इंग्लिशमध्ये लिहायचंय” म्हणत होते. आजी २०२२ साली गेली. तिचा आवाज आमच्याकडे एवढाच.

म्हणजे बघा, आमच्या घरात पाण्याने जे नेलं ते क्लाउडने वाचवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा लेख क्लाउड कंपन्यांना शिव्या घालणारा नाही. तो शिव्यांचा लेख दुसरं कुणीतरी लिहीलच.

आता पुढचं ऐका. जानेवारी २०२५. मी सेकंड इयरला, हॉस्टेलवर. आईचा फोन स्वयंपाकघरात पडला आणि कायमचा गेला. नवीन फोन घेतला. अकाउंट उघडायला गेली तर पासवर्ड चुकीचा. ‘तुमच्या नंबरवर कोड पाठवला आहे’. तो नंबर कुठला? तर सहा वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमचा! तो आता महाराष्ट्रात कुणाच्या तरी खिशात असणार. मग ‘अकाउंट परत मिळवा’ हा फॉर्म. आईने भरला. उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा की हे अकाउंट तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटत नाही. पुन्हा भरला. पुन्हा तेच. माझी आई २२ वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. रोज ४० पोरांची हजेरी घेते. आणि तिला “मी मीच आहे” हे कुणाला पटवून देता येईना. फोन करायला नंबर नाही, भेटायला ऑफिस नाही, भांडायला माणूस नाही. पोस्टात, बँकेत निदान खिडकीपलीकडे कुणीतरी असतं हो!

खरं सांगायचं तर चूक आमचीच होती. नंबर बदलल्यावर तो अकाउंटमध्ये बदलायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि घरातल्या ‘कॉम्प्युटर इंजिनिअर’ मुलीने कधी विचारलंही नव्हतं. कंपनीच्या जागी मी असते तरी मी असंच केलं असतं. उद्या कुणीही ऐरागैरा येऊन “मी अमकी, माझा पासवर्ड विसरला” म्हणाला तर त्याला दार उघडून चालेल का? म्हणजे नियम बरोबर, कुलूप बरोबर, आणि आजीचा आवाज आतमध्ये.

२६ दिवसांनी मार्ग निघाला. मामाच्या कपाटात तो पंच्याहत्तरीचा टॅब्लेट सापडला. चार तास चार्जिंगला लावला तेव्हा कुठे सुरू झाला, आणि त्याच्यात आईचं अकाउंट अजून लॉग-इन होतं! त्या टॅब्लेटवरून ‘होय, ही मीच’ असं दाबलं आणि दार उघडलं. आई रडली. मी मात्र खरी तेव्हा घाबरले. सात वर्षं कुणी न उघडलेल्या एका टॅब्लेटच्या बॅटरीवर आमच्या घराचा सगळा इतिहास टांगलेला होता. मामीने तो भंगारात दिला असता तर?

त्याच दिवशी ठरवलं की जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत तरी अशा जागी हवी जिची किल्ली घरात आहे.

तर काय केलं ते सांगते. आधी आईच्या अकाउंटमधून सगळं एकगठ्ठा डाउनलोड करून घेतलं. ६३ जीबी निघालं. मे २०२५ च्या सुट्टीत ऑफिसमधून निघालेला एक छोटा सेकंडहँड पीसी घेतला, साडेसहा हजाराला. त्यात एक टीबीची एसएसडी घातली आणि एक बाहेरची हार्ड डिस्क जोडली. सगळं मिळून सोळा हजारांच्या आसपास गेले. निम्मे बाबांचे, निम्मे माझ्या इंटर्नशिपचे. त्यावर लिनक्स टाकलं. कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड आणि फोटोंसाठी इमिच. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे त्यांचा कोड कुणीही वाचावा, चालवावा, बदलावा.

ही काही हौशी पोरांची खेळणी नाहीत, हे मुद्दाम सांगते. २०१० साली फ्रँक कार्लिचेक नावाच्या जर्मन प्रोग्रामरने ओनक्लाउड सुरू केलं आणि २०१६ मध्ये त्याच्यातूनच वेगळं होऊन नेक्स्टक्लाउड निघालं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याच्या सरकारने २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० कॉम्प्युटर मुक्त सॉफ्टवेअरवर न्यायचं जाहीर केलं, त्यात फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड आहे. इमिच त्या मानाने नवीन, २०२२ चं. फोनवरचे फोटो आपोआप घरच्या मशीनवर उतरवून घेतं, चेहरे ओळखतं, आणि ते ओळखण्याचं काम आपल्याच मशीनवर होतं, फोटो बाहेर जात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची पहिली ‘स्थिर’ म्हणवणारी आवृत्ती आली. गंमत म्हणजे आमच्या इमिचने आजीला दोन वेगवेगळ्या बायका ठरवलं, एक पस्तिशीतली आणि एक सत्तरीतली. मी दोन्ही चेहरे निवडून ‘एकत्र करा’ दाबलं.

आता इंजिनिअर मंडळींचा नेहमीचा प्रश्न, “घराबाहेरून कसं उघडतेस?” आपल्याकडच्या बहुतेक इंटरनेट कंपन्या प्रत्येक घराला स्वतंत्र पब्लिक आयपी देत नाहीत. सोसायटीत शंभर फ्लॅट आणि गेटवर एकच पत्रपेटी, तसा प्रकार. घरातून पत्र बाहेर जातं, पण बाहेरून आलेलं पत्र कुठल्या फ्लॅटचं ते गेटवर कळत नाही. याला सीजीनॅट म्हणतात, सीएनच्या पेपरला दोन मार्कांना येतं तेच. यावर उपाय म्हणजे व्हीपीएन. वायरगार्ड नावाची पद्धत २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि तिच्यावर उभारलेल्या सेवा दोन मशीनची आतल्या आत गाठ घालून देतात. सर्व्हर उघड्या इंटरनेटवर मांडायचीही गरज पडत नाही. माझ्यासारख्या शिकाऊ माणसाने तर मांडूच नये. आज आई शाळेतून आणि मी हॉस्टेलवरून तोच अल्बम बघतो.

विजेचं म्हणाल तर पीसी साधारण १२ वॅट खातो, म्हणजे महिन्याला साडेआठ-नऊ युनिट. फार नाही. पण पैसे वाचतात म्हणून कुणी हे करत असेल तर करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याला शे-दीडशे रुपये भरून कंपनीकडे भरपूर जागा मिळते. माझ्या सोळा हजारांत दहा वर्षांचं भाडं निघालं असतं, आणि या दहा वर्षांत माझी डिस्क नक्की एकदा तरी जाणार. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली, १५ जीबीच्या पुढे पैसे पडायला लागले, तेव्हा सगळीकडे केवढी ओरड झाली होती! मला त्यात काही गैर वाटत नाही. जागेला भाडं पडतंच. मुद्दा भाड्याचा नाहीच, किल्लीचा आहे.

आता माझ्या फजितीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

इंग्लिशमध्ये याला ‘सेल्फ-होस्टिंग’ म्हणतात. होस्ट म्हणजे यजमान. मला हा शब्द फार आवडला होता. स्वतःच स्वतःचे यजमान, काय रुबाब! पण यजमान होणं म्हणजे काय हे कुठल्याही घरातल्या बाईला विचारा. पाहुणा जेवून, हात धुऊन मोकळा होतो. यजमानाला आधी घर झाडावं लागतं, नंतर भांडी घासावी लागतात.

मी रोज रात्री दोन वाजता सगळ्या फाइलींची बाहेरच्या हार्ड डिस्कवर नक्कल होईल अशी स्क्रिप्ट लिहिली होती. सकाळी माझ्या फोनवर मेसेज यायचा, ‘बॅकअप झाला’. रोज हिरवी खूण. मी खूश. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आई म्हणाली, “आजीचं ते बोलणं लाव गं जरा, फराळाच्या वेळी ऐकू.” मला वाटलं, बॅकअपच्या डिस्कवरूनच लावते, तेवढीच चाचणी होईल. आजीचा आवाज मिळाला, पण सहज फोल्डरच्या तारखा बघितल्या आणि पोटात गोळाच आला. शेवटची तारीख ६ ऑगस्ट. त्या दिवशी सांगलीत लाइट गेली होती. लाइट आल्यावर पीसी आपोआप सुरू झाला, पण बाहेरची डिस्क जोडली गेलीच नाही. तिच्या नावाचं रिकामं फोल्डर मात्र पीसीच्याच डिस्कवर होतं. माझी शहाणी स्क्रिप्ट अडीच महिने रोज रात्री मूळ फाइलींची नक्कल मूळ फाइलींच्याच शेजारी ठेवत होती आणि मला सांगत होती, झाला, बॅकअप झाला!

एसएसडी त्या अडीच महिन्यांत गेली असती तर पावसाळ्यातले सगळे फोटो गेले असते. माझ्या चुलत बहिणीच्या बारशाचे फोटो त्यातच होते. कुठल्याही कंपनीने नाही, पुराने नाही, मी घालवले असते.

आई सगळं ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, “कंपनीवाल्यांना निदान फॉर्म तरी भरता येत होता. हे बंद पडलं तर मी कुणाला फोन करायचा?”

“मला,” मी म्हटलं.

“आणि तू परीक्षेत असलीस तर? उद्या तू परदेशी गेलीस तर? मला यातलं काय कळतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण ती बरोबर होती. मी कंपनीच्या जागी स्वतःला बसवलं होतं, आणि आईसाठी किल्ली अजूनही दुसऱ्याच कुणाकडे होती. फरक इतकाच की आता ती दुसरी व्यक्ती तिची मुलगी होती.

मग त्या सुट्टीत तीन गोष्टी केल्या. पहिली, स्क्रिप्टमध्ये अट घातली, डिस्क जागेवर आहे का ते आधी बघ, नसेल तर थांब आणि मला कळव. दुसरी, नाशिकला मावशीकडे एक रास्पबेरी पाय आणि एक हार्ड डिस्क ठेवली. आमच्या घरून तिथे रोज रात्री कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली प्रत जाते. मावशीला आमचे फोटो दिसत नाहीत, तिला फक्त एक डबी लुकलुकताना दिसते आणि ती तिच्यावरची धूळ पुसते. कृष्णेला आणि गोदावरीला एकाच रात्री एकाच हेतूने पूर येईल असं वाटत नाही. शिवाय मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते. तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. दोन पानी मराठीत लिहून काढलं, मशीन कुठे आहे, कसं बंद-चालू करायचं, पासवर्ड काय, मी नसले तर डिस्क काढून कुठल्याही कॉम्प्युटरला कशी लावायची. पाकिटात घालून ते आईच्या स्टीलच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलंय. आणि दर दोन महिन्यांनी एक रविवार ठरवलाय. त्या दिवशी नाशिकच्या प्रतीतून कुठलीही एक फाइल परत आणून उघडून बघायची. तेही आई करते, मी फोनवर असते. गेल्या वेळी २० मिनिटं लागली.

आणि हो, आईचं कंपनीतलं अकाउंट आम्ही बंद केलेलं नाही! नंबर दुरुस्त केला, आणीबाणीचे कोड छापून त्याच पाकिटात ठेवले. तीही एक प्रत आहे, असू दे की.

माझ्या वर्गातला एक मित्र हे सगळं ऐकून हसला. म्हणाला, “त्यांच्याकडे हजारो इंजिनिअर, डिझेल जनरेटर, आग विझवायच्या यंत्रणा. तुझ्याकडे सेकंडहँड डबा आणि मावशी. कुठलं सुरक्षित?” प्रश्न रास्त आहे. डिस्क मरण्याच्या बाबतीत त्यांचंच सुरक्षित, यात वादच नाही. पण वस्तू हरवायच्या वाटा अनेक असतात. डिस्क मरते ही एक. चुकून पुसलं जातं ही दुसरी. दारातच अडवलं जातं ही तिसरी.

मोठमोठ्यांना हे भोवलंय. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या पेन्शन फंडाचा गूगल क्लाउडवरचा पसारा एका चुकीच्या सेटिंगमुळे चक्क पुसला गेला. सहा लाखांहून जास्त सभासद. दोन ठिकाणी प्रती होत्या, पण दोन्ही एकाच छत्राखाली, म्हणून दोन्ही एकदम गेल्या. वाचले ते दुसऱ्याच एका कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवला होता म्हणून. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या आपल्या देशातल्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने काही दिवस थांबवल्या, कारण युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले होते. निर्बंध युरोपचे, कंपनी भारतातली, लायसन्सचे पैसे भरलेले, तरी स्वतःचीच ई-मेल उघडेना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, मग सेवा सुरू झाल्या. त्यांना कोर्टात जाता आलं. माझ्या आईला फॉर्म भरता आला.

पण “म्हणजे स्वतःचं केलं की झालं” असं समजणाऱ्यांसाठी उलटं उदाहरणही आहे. दक्षिण कोरियाच्या सरकारने कर्मचाऱ्यांसाठी स्वतःचा क्लाउड बांधला होता, जी-ड्राइव्ह. स्वतःची इमारत, बाहेरच्या कुणाकडे किल्ली नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉन शहरातल्या त्या डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली आणि ८५८ टीबी माहिती जळाली. बाहेर दुसरी प्रत नव्हती. कारण काय सांगितलं? माहितीचा आकार फार मोठा होता म्हणून! ही बातमी मी दिवाळीच्या आधी वाचली होती, आणि “काय हे, एवढं साधं कळत नाही?” असं म्हणून हॉस्टेलमध्ये मैत्रिणींना हसून सांगितली होती. तेव्हा माझी स्वतःची स्क्रिप्ट गेले दोन महिने हवेत बॅकअप घेत होती. असो.

म्हणून माझं मत असं. ‘कंपनीचा क्लाउड की स्वतःचा सर्व्हर’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. जुन्या फोटोग्राफर मंडळींचा ३-२-१ नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक गावाबाहेर. त्याला मी सांगलीचा अनुभव जोडते, त्यातल्या एका प्रतीची किल्ली घरात हवी, आणि ती किल्ली घरातल्या दोन माणसांना लावता यायला हवी. एवढं झालं तर बाकीच्या प्रती खुशाल कंपनीकडे ठेवा.

“पण तुला लपवायचं काय आहे एवढं?” असंही विचारतात. काहीच नाही. आजीचा आवाज लपवण्यासारखा नाही. पण आपण कपाटाला कुलूप लावतो ते आत चोरीचा माल असतो म्हणून नाही ना? कपाट आपलं असतं म्हणून लावतो.

आता थोडं आपल्या कॉलेजबद्दल. यंदा मिनी प्रोजेक्टसाठी मी सीनियर्सचे जुने रिपोर्ट शोधत होते. लायब्ररीत काळ्या बाइंडिंगचे गठ्ठे आहेत, पण कोड, सर्किट फाइली, डेटा कुठे? रिपोर्टच्या शेवटच्या पानावर लिंक. बारा लिंक उघडून बघितल्या. सात उघडल्याच नाहीत. कुणाच्या वैयक्तिक ड्राइव्हवर, कुणाच्या पास-आउट झाल्यावर बंद झालेल्या अकाउंटवर. अख्ख्या चार जणांच्या ग्रुपची एका वर्षाची मेहनत, आणि समोर काय, तर ‘तुम्हाला परवानगी नाही’. परवानगी कुणाकडे मागायची? तो सीनियर आता कुठल्या कंपनीत आहे कुणास ठाऊक!

आपण इंजिनिअरिंग कॉलेज आहोत हो! ऑपरेटिंग सिस्टिम शिकतो, नेटवर्क्स शिकतो, डीबीएमएस शिकतो, आणि आपल्याच प्रोजेक्टची फाइल जपायला आपल्याकडे आपली जागा नाही. लॅबमध्ये निकालात काढलेले पीसी पोत्यांत पडलेत. त्यातल्या दोघांवर नेक्स्टक्लाउड बसवायला थर्ड इयरच्या चार मुलामुलींना एक आठवडा पुरे. एक मशीन डिपार्टमेंटमध्ये, एक कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत, आणि तिसरी कुलूपबंद प्रत बाहेर कुठेतरी भाड्याच्या जागेवर. दरवर्षी जूनमध्ये नवीन बॅचकडे किल्ल्या द्यायच्या, गॅदरिंगच्या हिशेबाची वही देतो तशा. आणि किल्ल्या देताना एक अट, नव्या बॅचने जुन्यातला कुठलाही एक प्रोजेक्ट परत उघडून, चालवून दाखवायचा. चालला तरच चार्ज घेतला असं समजायचं.

यात आपल्या हातून चुका होतील. लाइट जाईल, डिस्क मरेल, कुणीतरी चुकून काहीतरी पुसेल. होऊ देत. लॅबमध्ये व्हायव्हासाठी पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा ६ ऑगस्टच्या त्या तारखेने मला जास्त शिकवलं. चुका पहिल्या वर्षीच झालेल्या बऱ्या, जेव्हा मूळ फाइली अजून सगळ्यांच्या लॅपटॉपवर असतात.

एचओडी सरांकडे मी अर्ज दिलाय. त्यांनी वाचून विचारलं, “मेंटेनन्स कोण करणार?” अगदी आईचाच प्रश्न! या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. अर्जाच्या मागे आम्हा चौघांची नावं आहेत, आणि खाली सेकंड इयरसाठी चार जागा मोकळ्या ठेवल्यात. ज्यांना यजमान व्हायचंय त्यांनी मराठी विभागाच्या संपादकांना भेटावं. चहा आमच्याकडे, भांडी मात्र सगळ्यांनी मिळून घासायची.

जाता जाता एक काम सांगते, आजच करा. घरी फोन लावा आणि आई-बाबांना विचारा, त्यांच्या अकाउंटला कुठला नंबर जोडलाय. तो चालू आहे का. नसेल तर आज रात्रीच बदलून द्या. त्यासाठी सर्व्हर लागत नाही, लिनक्स लागत नाही, पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं सहा वर्षं दिली नव्हती.